अवकाशयुद्धातली जलदमारा तोफ: मिनिटाचा दर नको, चापाचे सेकंद मोजा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. कथेतली मुलगी ग्वाल्हेरला दौलतगंजात वाढलेली. पुढच्या शतकात ती पृथ्वीपासून ४०० किमी उंचीवर फिरणाऱ्या २० टनी गस्ती यानावर तोफची आहे. यानाच्या दोन बगलांना मिनिटाला १०,००० गोळे झाडणाऱ्या दोन तोफा आहेत. कळसाच्या प्रसंगात ती सलग पाच मिनिटे चाप दाबून ठेवते आणि ५०० किमीवरची शत्रूची याने एकामागून एक फुटतात. यात तांत्रिकदृष्ट्या काय बदलावे लागेल, आणि ते बदलल्यावर थरार उरेल का, असे तुम्ही विचारता.

थरार उरेलच, उलट वाढेल. मात्र त्यासाठी तोफेकडे मिनिटाच्या दरावरून बघणे सोडावे लागेल. जलदमारा तोफ हे खर्चाचे शस्त्र आहे. प्रत्येक फैर गोळे, थंडावा आणि यानाची स्थिरता या तिन्हींच्या साठ्यातून काहीतरी काढून घेते. तिच्याजवळ बसणारा माणूस ‘मिनिटाला किती’ असा विचार करत नाही, ‘चापाचे किती सेकंद उरले’ असा करतो.

१०,००० हा आकडा काल्पनिक नाही. जीएसएच-६-२३ ही सहा नळ्यांची रशियन तोफ त्याच्या आसपास पोहोचते. पण मिग-३१ विमानात तिच्यासाठी २६० गोळे असतात, म्हणजे दोन सेकंदांच्या आत पेटी रिकामी. ग्वाल्हेरच्याच महाराजपुरा हवाई तळावर १९८५ पासून असलेली मिराज-२००० विमाने घ्या. तिच्या पोटाखाली डेफा-५५४ जातीच्या दोन ३० मिमी तोफा, प्रत्येकीला १२५ गोळे, दर मिनिटाला १,८००. चार सेकंदांचा मारा, बस. सुखोई-३० मध्ये जीएसएच-३०-१ ही एकनळी तोफ आणि १५० गोळे असतात, ते पाच-सहा सेकंदांत संपतात. वैमानिक अर्ध्या किंवा एका सेकंदाच्या फैरी झाडतो, कारण त्याहून लांब फैर परवडत नाही.

आता तुमची पाच मिनिटे मोजू. एका तोफेचे ५०,००० गोळे झाले. ३० मिमीचे भरलेले काडतूस पुंगळी, दारू आणि गोळा धरून साधारण ८०० ग्रॅम भरते. म्हणजे ४० टन दारूगोळा, आणि तोही एकाच तोफेचा, तर यान आहे २० टनांचे. वाचक हा हिशेब करणार नाही असे समजू नका. विज्ञानकथेचा वाचक नेमका हाच हिशेब करतो.

म्हणून आधी तोफेचे मोजमाप ठरवा आणि कथाभर त्याला चिकटून राहा. मी पुढचा सगळा हिशेब अशा तोफेवर मांडतो: ३० मिमी व्यास, सात फिरत्या नळ्या, नळ्यांचे एकूण वजन १५० किग्रॅ, गोळा ४०० ग्रॅमचा, नळीच्या तोंडाशी वेग सेकंदाला १,००० मीटर, दर मिनिटाला २,४०० म्हणजे सेकंदाला ४० गोळे, आणि पेटीत १,००० काडतुसे. पेटीचे वजन ८०० किग्रॅ झाले आणि चापाचे एकूण २५ सेकंद मिळाले. नेहमीची फैर १०० गोळ्यांची, अडीच सेकंदांची धरू. अशा दहा फैरी. तोफचीच्या पडद्यावर गोळ्यांची संख्या दाखवण्यापेक्षा हे उरलेले सेकंद दाखवा.

आधी उष्णता, कारण विज्ञानकथांत सर्वांत जास्त चुका इथे होतात. गोळ्याला मिळालेली ऊर्जा साधारण २०० किलोज्यूल. दारूतून निघालेल्या ऊर्जेपैकी सुमारे तिसरा हिस्साच गोळ्याला मिळतो, बराच भाग वायूबरोबर बाहेर जातो आणि काही नळीच्या पोलादात मुरतो. हा मुरणारा भाग आपण प्रत्येक गोळ्यामागे ५० किलोज्यूल धरू. १०० गोळ्यांचे ५ मेगाज्यूल झाले. १५० किग्रॅ पोलाद तेवढ्याने सरासरी ६८ अंश तापते. २० अंशांवरून सुरुवात केली तर पहिल्या फैरीनंतर ८८, दुसरीनंतर १५६ आणि तिसरीनंतर २२४ अंश सेल्सिअस.

काडतुसातली नायट्रोसेल्युलोजची दारू साधारण १७० अंशांना आपोआप पेटते. म्हणजे लागोपाठ तिसऱ्या फैरीनंतर कोठीत, म्हणजे नळीच्या मागच्या काडतूस बसण्याच्या पोकळीत, काडतूस राहिले तर कोणी चाप न दाबता ते उडेल. विमानाच्या तोफेला थंड हवेचा झोत तरी मिळतो. निर्वातात तोही नाही. उष्णता जाते ती फक्त प्रारणाने, आणि प्रारण या तापमानाला फार कंजूष असते. नळ्यांचा बाहेरून दिसणारा पृष्ठभाग एक चौरस मीटर धरला, त्याला काळा मुलामा दिला, तरी १५६ अंशांवरून ८८ वर उतरायला जवळजवळ सव्वा तास लागतो. ८८ वरून पुन्हा २० वर यायला दोन तासांहून जास्त, आणि एवढ्या वेळात यान पृथ्वीभोवती एक फेरी पुरी करून पुढे गेलेले असते. ‘अवकाश थंड असते, त्यामुळे तोफ लगेच निवते’ हे वाक्य कथेत कुठे असेल तर ते आधी काढा.

उपाय आहे, तोच घाला: पाणी. जीएसएच-३०-१ मध्ये नळीभोवती पाण्याचे आवरण असते, पाण्याची वाफ होऊन बाहेर जाते आणि उष्णता घेऊन जाते. अंतराळवीरांचे पोशाखही पाण्याचा बर्फ निर्वातात उडवूनच थंड राहतात. एक लिटर पाण्याची वाफ करायला साधारण अडीच मेगाज्यूल लागतात, म्हणजे एका फैरीला दोन लिटर. पाणी हे यानावर पिण्याचेही आहे, प्राणवायू करण्याचेही. दहा फैरींना वीस लिटर लागणार. हे वीस लिटर कोणाच्या टाकीतून जाणार, हा प्रश्न तुमच्या कप्तानाला पडू दे. शिवाय यानाबाहेर सुटलेली वाफ म्हणजे चमकणाऱ्या हिमकणांचा ढग. तो शत्रूला दिसतो आणि आपल्याच दुर्बिणीसमोर तरंगत राहतो. फैर झाडल्यावर पुढचा अर्धा मिनिट नीट दिसत नाही, हे प्रसंगात फार उपयोगी पडेल.

उष्णतेचा आणखी एक उपद्रव आहे. नळीची एक बाजू उन्हात आणि दुसरी सावलीत असली की ती वाकते. रणगाड्यांच्या तोफांना याच कारणासाठी वरून आवरण घालतात. वाकणे डोळ्यांना दिसत नाही, पण एका मिलीरेडियनने (कोनाचे बारीक माप) दिशा बदलली तर ३ किमीवर गोळा ३ मीटर बाजूला जातो. सात नळ्यांच्या तोफेला यावर सोपा इलाज आहे: मारा नसतानाही मोटरने नळ्यांचा जुडगा सावकाश फिरवत ठेवायचा, म्हणजे सगळीकडून सारखी शेकली जाते. चांद्रमोहिमांची याने प्रवासात याच हेतूने स्वतःभोवती फिरवत नेत असत. गस्तीवर असताना तोफा हळूहळू फिरत आहेत, हे चित्र कथेत मला आवडेल.

आता धक्का. गोळ्याचा संवेग ४०० न्यूटन-सेकंद, आणि मागोमाग बाहेर पडणाऱ्या वायूचा सुमारे २००. प्रत्येक गोळ्यामागे ६०० धरा. सेकंदाला ४० गोळे, म्हणजे सरासरी २४,००० न्यूटनचा मागचा रेटा. हा आकडा प्रत्यक्षाशी जुळतो का ते पाहायला ए-१० विमानाची जीएयू-८ तोफ घ्या. तिचा रेटा सरासरी ४५ किलोन्यूटन आहे, विमानाच्या एका इंजिनाच्या रेट्यापेक्षा थोडा जास्तच, आणि ती मिनिटाला ३,९०० गोळे झाडते. प्रमाण बरोबर आहे.

तर १०० गोळ्यांच्या फैरीने २० टनी यानाचा वेग सेकंदाला ३ मीटरने बदलतो. हे थोडे वाटेल. पण यान ज्या दिशेने जाते आहे त्याच दिशेने अख्खी पेटी रिकामी केली तर वेग ३० मीटरने घटतो, आणि ४०० किमीच्या वर्तुळाकार कक्षेची पलीकडची बाजू जवळजवळ १०० किमीने खाली येते. सुमारे १०० मीटर प्रतिसेकंद घट झाली की यान वातावरणात शिरायच्या बेताला येते. पुढे झाडलेला प्रत्येक गोळा यानाला पृथ्वीकडे ढकलतो. तुमच्या पाच मिनिटांच्या माऱ्याने ते केव्हाच वातावरणात जळून गेले असते.

रेट्याहून वाईट असतो तो पिळा. तोफ यानाच्या गुरुत्वमध्याच्या रेषेपासून एक मीटर बाजूला असेल आणि यान १२ मीटर लांब असेल, तर अडीच सेकंदांच्या फैरीत नाक १८ अंश वळते, आणि फैर थांबल्यावरही सेकंदाला १४ अंशांनी वळतच राहते. म्हणजे फैरीतले पहिले दहा-वीस गोळे लक्ष्याकडे, बाकीचे आकाशात. ए-१० च्या रचनाकारांना हा प्रश्न हवेतसुद्धा सतावत होता. तिथे तोफ मुद्दाम थोडी डावीकडे बसवली आहे, कारण जी नळी त्या क्षणी गोळा झाडते ती बरोबर मध्यरेषेवर यायला हवी. पुढचे चाक त्यामुळे उजवीकडे सरकवावे लागले.

अवकाशात तोफ झाडण्याचा प्रयोग खरोखर झालेला आहे. सोव्हिएत संघाच्या साल्युत-३ या लष्करी स्थानकावर तोफांचे रचनाकार रिख्टर यांच्या तोफेचे एक रूप बसवले होते. जानेवारी १९७५ मध्ये, स्थानकावर कोणी नसताना, जमिनीवरून आज्ञा देऊन ती चालवली. तोफ पक्की बसवलेली असल्याने नेम धरायला अख्खे स्थानक वळवावे लागे आणि धक्का सावरायला इंजिने चालवावी लागत. तुमच्या यानालाही हेच करावे लागणार. एका फैरीचे ६०,००० न्यूटन-सेकंद सावरायला, इंजिनातून वायू सेकंदाला ३,००० मीटर वेगाने सुटतो असे धरले तर २० किग्रॅ इंधन जाते. म्हणजे एका फैरीचा पुरा खर्च असा: दारूगोळा ८० किग्रॅ, इंधन २० किग्रॅ, पाणी २ किग्रॅ. शंभरावर किलो, आणि ते कक्षेत चढवून आणलेले. कप्तान तोफचीला परवानगी देताना का कचरतो, याला आणखी वेगळे कारण शोधू नका.

तुमच्या दोन बगलांच्या तोफा पिळ्याच्या दृष्टीने चांगल्या आहेत, कारण दोन्ही एकदम सुटल्या तर पिळे एकमेकांना निष्फळ करतात. पण अडचण त्यातच आहे. एक अडकली की दुसरी लगेच थांबवावी लागते, नाहीतर यान गरगरते. म्हणून दोन्हींच्या चापाची तार एकाच नियंत्रकातून जायला हवी, आणि एकीचा रेटा घसरल्याचे कळताच दुसरी काही शतांश सेकंदांत बंद व्हायला हवी. हा जोड कोणी तात्पुरता तोडला आणि नेमकी तेव्हाच डावी तोफ अडकली, तर तुम्हाला कळसाचा प्रसंग मिळाला.

पल्ल्याबद्दल. निर्वातात गोळा कुठेच थांबत नाही, त्यामुळे ‘पल्ला अमर्याद’ असे लिहिण्याचा मोह होतो. पण पल्ला ठरतो तो समोरच्याला निसटायला किती वेळ मिळतो यावरून. लक्ष्य ५ मीटर रुंद असेल आणि बाजूला फक्त १ मीटर प्रतिसेकंद वर्ग इतक्या हळू सरकू शकत असेल, तरी तीन सव्वातीन सेकंदांत ते पूर्ण रुंदीभर हटते. गोळा तेवढ्यात ३ किमी जातो. तोच तुमचा उपयोगी पल्ला. ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत अडीच-तीन किलोमीटर भरतात, तेवढाच. १०० किमीवर गोळा पोहोचायला १०० सेकंद लागतात, आणि तोवर तेच लक्ष्य ५ किमी बाजूला गेलेले असू शकते. ५०० किमीची गोष्ट सोडूनच द्या. अपवाद एकच: समोरचे यान निकामी होऊन एका ठरावीक वाटेने वाहत असेल तर ते कितीही दूर असले तरी गणिताने गाठता येते, फक्त फैलाव आड येतो.

हा फैलाव लेखक हमखास विसरतात. एकाच नेमाने झाडलेले गोळे एकाच भोकातून जात नाहीत. नळ्यांची थरथर, दारूतला फरक आणि गोळ्याचा तोल यांनी ते पसरतात. अमेरिकन एम-६१ व्हल्कन तोफेचे ८० टक्के गोळे ८ मिलीरेडियनच्या वर्तुळात पडतात. तेच प्रमाण आपल्या तोफेला लावू आणि नेम अचूक धरू. मग ५ मीटर रुंद लक्ष्यावर १०० गोळ्यांच्या फैरीतले १ किमीवर सत्तेचाळीस, ३ किमीवर सात आणि १० किमीवर एखादाही लागेलच असे नाही. हे आकडे हाताशी ठेवून प्रसंग लिहिले की अंतर कमी करण्याची घाई आपोआप कथेत येईल.

मग एवढ्या जलद माऱ्याची गरजच काय? गरज वेळेच्या फटीमुळे पडते. युद्धनौकांवरच्या एके-६३० किंवा फॅलँक्स तोफा मिनिटाला हजारो गोळे झाडतात, कारण येणारे क्षेपणास्त्र शेवटच्या दीड-दोन किलोमीटरांत त्यांच्या हाती लागते आणि त्याला तेवढे अंतर कापायला फार तर चार-सहा सेकंद लागतात. कक्षेत सापेक्ष वेग सेकंदाला ३ किमी असेल तर तुमच्या ३ किमी पल्ल्यातून क्षेपणास्त्र एका सेकंदात पार होते. त्या सेकंदात चाळीस गोळे. म्हणून तुमच्या तोफेचे खरे काम शत्रूची याने फोडणे हे नव्हे, अंगावर येणारी क्षेपणास्त्रे अडवणे हे आहे. फॅलँक्सचे रडार लक्ष्याबरोबर आपल्या सुटलेल्या गोळ्यांचाही माग काढते आणि दोघांतला फरक मिटवत नेम सुधारते. तेच तुमच्या यानावर द्या. निर्वातात गोळा वाऱ्याने हलत नाही, त्यामुळे हे काम उलट सोपे होते. माणसाच्या हाताला या सगळ्यात जागा नाही. तोफची फक्त तोफ मोकळी करते किंवा आवरते, आणि तो निर्णय तिच्याकडेच ठेवा.

गोळा कोणता? दारू भरलेला, आदळल्यावर फुटणारा गोळा इथे फारसा कामाचा नाही. सेकंदाला १० किमी सापेक्ष वेगाने ४०० ग्रॅमचा साधा लोखंडी गोळा आदळला तरी २० मेगाज्यूल सुटतात, जवळजवळ पाच किलो टीएनटीइतके. लागणे महत्त्वाचे, फुटणे नाही. म्हणून ३५ मिमी ओरलिकॉन तोफेच्या अहेड गोळ्याची कल्पना उचला. त्यात टंगस्टनच्या १५२ गोट्या असतात, प्रत्येकी ३.३ ग्रॅमची. गोळा लक्ष्याच्या थोडा आधी उघडतो आणि गोट्यांचा शंकू पुढे जातो. नळीच्या तोंडाशी वेटोळी बसवलेली असतात. पहिली दोन गोळ्याचा वेग मोजतात आणि तिसरे त्याच्या फ्यूजला उघडण्याची वेळ सांगते. हवेत गोट्यांचा वेग पडत जातो, निर्वातात पडणार नाही. दारू थंड असली की ती सावकाश जळते आणि गोळा मंद सुटतो, त्यामुळे सावलीतून आलेल्या यानाचे पहिले गोळे कमी पडतात. प्रत्येक गोळ्याचा वेग मोजणारी वेटोळी असतील तर ही चूकही सावरली जाते.

यंत्रणा निवडताना तीन पर्याय आहेत. फिरत्या नळ्यांची तोफ उष्णता आणि झीज वाटून घेते, पण तिला पूर्ण गतीला यायला वेळ लागतो, व्हल्कनला सुमारे ०.३ सेकंद. मिराजच्या डेफासारख्या तोफेत नळी एकच आणि फिरतात त्या कोठ्या. पहिला गोळा लगेच पूर्ण दराने सुटतो, पण सगळी उष्णता एकाच नळीत. तिसरी जीएसएच-२३ सारखी जोडनळी, जिच्यात एका नळीचा वायू दुसरीची यंत्रणा भरतो. वजन अवघे ५० किग्रॅ आणि दर ३,४०० च्या पुढे. माझे मत विचाराल तर गस्ती यानाला फिरत्या नळ्या आणि छोट्या हल्लेखोर यानांना जोडनळी द्या. म्हणजे दोन्ही बाजूंच्या लढण्याच्या सवयीही वेगळ्या होतील.

काय बिघडते ते आता सांगतो, कारण कथेतली तोफ नेहमी ‘जाम’ होते आणि कशी ते कोणीच लिहीत नाही. काडतूस पेटलेच नाही, तर वायूवर चालणारी तोफ जागीच थांबते, आणि पुन्हा चालू करायला तिच्यात दारूची छोटी काडतुसे ठेवलेली असतात. ती मोजकीच असतात. मोटरवर फिरणाऱ्या तोफेत न पेटलेले काडतूस पुंगळीबरोबर सरळ बाहेर पडते आणि मारा चालू राहतो. तिला भीती आहे ती उशिरा पेटणाऱ्या काडतुसाची. कोठी मागून बंद करणारा बोल्ट उघडायला लागल्यावर ते पेटले तर वायू मागे फुटतो आणि भरण्याची यंत्रणा उद्ध्वस्त होते. फैर संपल्यावर अशा तोफेने कोठ्या मोकळ्या करायलाच हव्यात, नाहीतर तापलेल्या पोलादात काडतूस शिजत बसते.

दुसरी जागा म्हणजे भरण्याचा मार्ग. कड्यांनी जोडलेला पट्टा फार जलद ओढला की कडी ताणून तुटते, म्हणून व्हल्कन आणि जीएयू-८ मध्ये कड्याच नसतात. काडतुसे पिंपातून सरकत्या वाहकावर येतात आणि रिकाम्या पुंगळ्या त्याच पिंपात परत जातात. तुमच्या यानालाही हेच हवे. बाहेर फेकलेली पुंगळी जमिनीवर पडत नाही, तुमच्याच कक्षेत तुमच्या आसपास फिरत राहते आणि एखाद्या फेरीत परत भेटते.

तेल-ग्रीसची साधी वंगणे निर्वातात उडून जातात, आणि ती उडाली की धातूवर धातू घासून चिकटून बसतो. मॉलिब्डेनम डायसल्फाइडचा कोरडा थर द्या. नळीतून निघणारा वायू निर्वातात सगळीकडे पसरतो आणि भिंगांवर, सौरपट्ट्यांवर काजळी धरतो, तेव्हा नळीचे तोंड त्यांच्या बरेच पुढे असावे. थरथरीलाही कमी लेखू नका. मिग-२७ वरच्या सहा नळ्यांच्या ३० मिमी तोफेच्या हादऱ्यांनी विमानाचे उतरतानाचे दिवे फुटत. आपल्या हवाई दलाने ही विमाने डिसेंबर २०१९ पर्यंत वापरली.

आवाज आणि उजेड थोडक्यात. बाहेर आवाज नाही, पण यानाच्या सांगाड्यातून तो आत येतो. पायांना आणि पाठीला कळणारी घरघर लिहा. दारूत तिचा स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे हवा नसली तरी ती पेटते. ट्रेसरचे, म्हणजे उडताना मागे उजेड सोडणाऱ्या गोळ्याचेही तसेच. नळीच्या तोंडाशी जमिनीवर दिसते तशी मोठी ज्वाळा मात्र दिसणार नाही, कारण ती बाहेरच्या हवेत वायू पुन्हा जळल्याने होते.

विद्युतचुंबकीय तोफ, म्हणजे दारूऐवजी विजेने दोन रुळांमधून गोळा ढकलणारी तोफ, घेऊ का, असेही तुम्ही विचारले आहे. एखाद्या मोठ्या स्थानकावर घ्या, गस्ती यानावर नको. ४०० ग्रॅमचा गोळा सेकंदाला ३ किमी वेगाने झाडायला १.८ मेगाज्यूल गोळ्यात जातात. यंत्रणेची क्षमता ३० टक्के धरली तर प्रत्येक गोळ्याला ६ मेगाज्यूल वीज लागते, आणि त्यातले चारहून जास्त उष्णता होऊन यानातच राहतात. सेकंदाला दहा गोळे म्हणजे ६० मेगावॅट. शिवाय रूळ झिजतात. अमेरिकन नौदलाने २०१० मध्ये ३३ मेगाज्यूलचा गोळा झाडून दाखवला आणि २०२१ मध्ये हे काम थांबवले.

शेवटचा आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा बदल: गोळे जातात कुठे. तुमच्या हस्तलिखितात यावर एकही ओळ नाही. ४०० किमीच्या कक्षेत यानाचा वेग सेकंदाला सुमारे ७.७ किमी असतो. मागच्या दिशेने झाडलेल्या गोळ्याचा वेग ६.७ होतो आणि तो पहिल्याच फेरीत वातावरणात शिरून संपतो. पुढच्या दिशेने झाडलेला गोळा ८.७ ने निघतो, ५,६०० किमी उंचीपर्यंत चढतो आणि साधारण अडीच तासांनी पुन्हा त्याच ४०० किमी उंचीवर, जिथून सुटला त्या बिंदूशी, येतो. मग पुन्हा, आणि पुन्हा. जमिनीवरच्या २३ मिमी गोळ्यांना काही सेकंदांत स्वतःला फोडून घेणारा फ्यूज असतो, तो इथे लावला तर एका गोळ्याचे शंभर तुकडे होतील. २००७ मध्ये चीनने ८६५ किमीच्या आसपासचा एक उपग्रह फोडला, त्याचे मागोवा घेण्याजोगे तीन हजारांवर तुकडे झाले. भारताने २७ मार्च २०१९ च्या चाचणीसाठी ३०० किमीच्या आतले लक्ष्य निवडले, ते तुकडे लवकर खाली यावेत म्हणूनच.

तेव्हा तुमच्या काळातल्या गस्ती यानांना स्थायी हुकूम असेल: मारा मागे किंवा खाली, पुढे कधीही नाही. कळसाच्या प्रसंगात क्षेपणास्त्र समोरून येऊ दे. पाण्याचे चार लिटर शिल्लक, चापाचे सहा सेकंद शिल्लक, डाव्या तोफेचा जोड तोडलेला. पुढे झाडले तर यान खाली ढकलले जाईल आणि चुकलेले गोळे दर अडीच तासांनी त्याच उंचीवर येत राहतील, जिथून इतरांची यानेही जातात. यान उलटे वळवायला वेळ नाही. पाच मिनिटांच्या माऱ्याची जागा या सहा सेकंदांना द्या, आणि तिने त्यातले किती वापरले ते वाचकाला आकड्यात सांगा.